स्वयंपाकघर स्वच्छ आहे, वही कुठे आहे?

दुकानातून खाण्याची वस्तू घेताना तुम्ही काय बघता? गर्दी किती आहे ते बघता, वास कसा येतोय ते बघता, भाव बघता. ओळखीच्या कुणीतरी "तिथलं चांगलं असतं" असं सांगितलेलं असतं, तेवढं पुरतं. काउंटरच्या मागे भिंतीवर एक चौकट टांगलेली असते. तिच्यातला चौदा आकडी क्रमांक आपण वाचत नाही. आत कढईतलं तेल कितव्यांदा तापतंय, बर्फी कधीची आहे, पाणी कुठलं वापरतात, हे सगळं कुणीतरी बघत असेलच, असं धरून आपण पुडा घरी आणतो आणि मुलांच्या हातात देतो.

हे 'कुणीतरी' कोण, ते नक्की काय बघतात आणि त्यांच्या नजरेतून काय सुटतं, हे मला आमच्या घरातच कळलं. मी तंजावरची. साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजी राजांच्या काळापासून जी मराठी कुटुंबं इकडे येऊन राहिली, त्यांतलं आमचं एक. माझी आत्या गेली वीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत फराळाचं दुकान चालवते. मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली. अदिरसम, म्हणजे आपल्या अनारशाचा सख्खा भाऊ. आणि जवळच्याच तिरुवैयारूचा प्रसिद्ध अशोका हलवा, मूगडाळीचा, तुपात न्हालेला, केशरी रंगाचा. मदतीला दोन अक्का येतात. दिवाळी जवळ आली की आम्ही सगळेच मदतीला असतो.

बैल गेला आणि झोपा केला

आधी थोडं आमच्या भागाबद्दल. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला ओरत्तनाडू नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे तीन विद्यार्थी शॉरमा खाऊन आजारी पडले आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला केरळच्या कासारगोड जिल्ह्यात शॉरमा खाल्ल्यानंतर सोळा वर्षांची एक मुलगी दगावली होती आणि बरेच जण आजारी पडले होते. तपासणीत शिगेला नावाचे जंतू सापडले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, तमिळनाडूतल्याच नामक्कलमध्ये चौदा वर्षांची मुलगी अशीच गेली.

शॉरम्यात धोका कुठे असतो, हे समजायला अवघड नाही. उभ्या सळईवर मांस फिरत असतं. बाहेरचा थर भाजला की कापून देतात, आतलं मांस मात्र अर्धवट गरम राहतं. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू भराभर वाढतात. म्हणून गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवायचा, असा साधा नियम आहे. मे महिन्यातल्या तंजावरच्या उन्हात तो पाळायचा, तर लक्षपूर्वक पाळावा लागतो.

अशा प्रत्येक घटनेनंतर राज्यभर तपासण्या झाल्या. पथकं निघाली, मांस जप्त झालं, वर्तमानपत्रांत फोटो आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'म्हातारीच्या केसां'त, म्हणजे कॉटन कँडीत, रोडामाइन बी हा कपडे रंगवायचा रंग सापडला आणि तमिळनाडूने त्या मिठाईवर बंदी घातली. एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी आली. या बंद्या योग्यच होत्या. पण त्या कधी आल्या, तेही बघा. आपल्याकडे म्हणतात तसं, बैल गेला आणि झोपा केला.

एखादा गाजावाजा नसलेला, साधा मंगळवार असतो, कुणी आजारी पडलेलं नसतं, तेव्हा तपासणी कशी होते? आमच्याकडे झाली ती तशी.

"माझ्या हातच्याला कुणी नावं ठेवली नाहीत"

दिवाळीला तीन आठवडे होते. या दिवसांत इकडचे अधिकारी मिठाईची दुकानं बघत फिरतात. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे असतं. इकडच्या खात्याचं नाव थोडं निराळं आहे, पण कायदा देशभर एकच, अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६. दारात अन्न सुरक्षा अधिकारी उभे राहिले तेव्हा आत्याच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा अपमानच जास्त दिसला. तिचं स्वयंपाकघर म्हणजे तिचा अभिमान. फरशीवर तेलाचा थेंब दिसत नाही. अंघोळ केल्याशिवाय ती चुलीपाशी जात नाही.

अधिकाऱ्यांनी सगळं बघितलं. डबे उघडले, पाण्याची टाकी बघितली, केराची बादली बघितली. कढईतल्या तेलात एक छोटं यंत्र बुडवून आकडा घेतला. मग आत्याला म्हणाले, "अम्मा, स्वयंपाकघर स्वच्छ आहे. वही कुठे आहे?"

आत्या म्हणाली, "कसली वही, सार?"

पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली? हलवा कुठल्या दिवशी केला? तेल कधी बदललं? या दोन बायकांची वैद्यकीय तपासणी झाली आहे का, टायफॉइडची लस घेतली आहे का? आत्याला सगळं तोंडपाठ होतं, लसीचं सोडून. पण लिहिलेलं काहीच नव्हतं. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं, तेवढं एक सोडलं तर दाखवायला कागद नव्हता.

काही दिवसांनी त्यांच्या वरिष्ठांकडून सुधारणा नोटीस आली. आत्याने ती देवघरातल्या खणात ठेवून दिली, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. रात्री जेवताना म्हणाली, "वीस वर्षं झाली, माझ्या हातच्याला कुणी नावं ठेवली नाहीत."

मी दिवसभर कंपन्यांसाठी मजकूर लिहिते, त्यामुळे घरात कागद आला की तो माझ्याकडेच येतो. मी नोटीस वाचली, मग कायद्यातली कलमं वाचली. ३२ व्या कलमाखाली दिलेली सुधारणा नोटीस ही शिक्षा नसते. काय कमी आहे, ते कसं भरून काढायचं आणि किती दिवसांत, एवढं त्यात लिहिलेलं असतं, आणि ती मुदत चौदा दिवसांपेक्षा कमी देता येत नाही. नोटीस पाळलीच नाही, तर पुढे परवाना स्थगित होऊ शकतो. अधिकाऱ्यालाही मोकळं रान नसतं. सबळ कारण नसताना त्याने दुकानदाराला त्रास दिला, तर त्याला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद याच कायद्यात आहे. हे मी आत्याला वाचून दाखवलं. तिने नोटीस देवघरातून काढून फ्रिजवर चिकटवली.

वहीत काय लिहायचं?

आत्याने वही मराठीत सुरू केली. दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं की अक्कांना ती वाचता येणार नाही. मग तमिळमध्ये केली. लिहिता लिहिता प्रत्येक रकान्यामागचं कारण समजत गेलं.

तेलाचं बघा. तळणीचं उरलेलं तेल गाळून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायचं, हे आपण सगळेच करतो. तेल वारंवार तापलं की त्यात काही घटक वाढत जातात, त्यांना टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात. जुलै २०१८ पासून देशात त्यांची मर्यादा २५ टक्के आहे. त्यापुढचं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. यंत्र तेच मोजत होतं. आत्याचा आकडा मर्यादेच्या आत होता, पण फारसा आत नव्हता. तेल दिसायला छान होतं. डोळ्यांना जे कळत नाही ते वहीला कळतं: सोमवारी ओतलं, मंगळवारी दोन घाणे, बुधवारी बाद.

तारखेचंही तसंच. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणं सक्तीचं आहे. खव्याची बर्फी आणि कोरडी सोनपापडी एकाच काचेआड शेजारी बसतात, पण त्यांचं आयुष्य सारखं नसतं. गिऱ्हाईकाला ते दिसणार कसं?

आणि कागद. वर्तमानपत्रात भजी किंवा वडे बांधून द्यायला मनाई आहे, कारण छपाईची शाई तेलात उतरते. तंजावरला केळीचं पान मुबलक मिळतं, त्यामुळे आमची सोय झाली. पण पान धुऊन, पुसून घ्यायचं, हेही वहीत आलं.

सगळ्यात सोपा वाटणारा रकाना होता तो अक्कांच्या वैद्यकीय तपासणीचा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडे जायचं, प्रमाणपत्र आणायचं. अडलं ते तिथेच.

त्या दिवशीचे पैसे

दोघींतल्या मोठ्या अक्का तपासणीला यायला तयार होईनात. आज कंबर दुखते, उद्या नातवाची शाळा आहे. शेवटी आत्याने समोर बसवून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "काही निघालं तर तुम्ही मला घरी बसवाल."

मग बोलता बोलता निघालं की मागच्या पावसाळ्यात त्या ताप अंगावर काढून कामाला आल्या होत्या. गोळी घेऊन आल्या, हलवा घोटला आणि घरी गेल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. "नसते आले तर त्या दिवशीचे पैसे कोण देणार होतं?"

आत्या गप्प झाली. "बरं नसेल तर येऊ नका," असं ती नेहमी सांगायची. "न आलात तरी पैसे देईन," असं तिने कधी सांगितलं नव्हतं.

मला त्या वेळी टायफॉइड मेरीची गोष्ट आठवली. मेरी मॅलन ही न्यूयॉर्कमधल्या श्रीमंत घरांत स्वयंपाक करणारी बाई. तिला स्वतःला कधी टायफॉइडची लक्षणं दिसली नाहीत, पण तिच्या शरीरात जंतू होते आणि ती जिथे काम करी त्या घरांत माणसं आजारी पडत. १९०७ मध्ये ती सापडली आणि तिला एका बेटावर वेगळं ठेवलं. १९१० मध्ये, पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर, सोडून दिलं. तिने कपडे धुण्याचं काम धरलं. त्यात पैसे कमी मिळत. काही काळाने तिने नाव बदललं आणि पुन्हा स्वयंपाकाला लागली. १९१५ मध्ये एका प्रसूती रुग्णालयात साथ आली तेव्हा तिथल्या स्वयंपाकघरात ती सापडली. त्यानंतर १९३८ मध्ये मरेपर्यंत ती त्या बेटावरच राहिली. ही गोष्ट सांगताना लोक तिच्या हट्टाबद्दल बोलतात. 'स्वयंपाक करू नकोस' असं सांगणाऱ्यांनी तिच्या पोटाची सोय नीट लावली होती का, हे फारसं कुणी विचारत नाही.

आमच्या अक्का काही मेरी नव्हत्या. तपासणीत काही निघालं नाही, लस टोचून झाली. पण आत्याने वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहिली: ताप, जुलाब किंवा हाताला जखम असेल तर कामावर यायचं नाही, त्या दिवसाचे पैसे पूर्ण मिळतील.

ओळ लिहायला एक मिनिट लागलं. तिची किंमत दिवाळीच्या दोन दिवस आधी कळली. सकाळी सहाला धाकट्या अक्कांचा फोन आला, रात्रीपासून जुलाब. अदिरसमचं पीठ तयार होतं, ऑर्डरी घेतलेल्या होत्या. आत्या दोन मिनिटं फोन हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "येऊ नका. पैसे ठेवते." त्या दिवशी तिने एकेका गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की निम्मंच मिळेल. काही जणांनी समजून घेतलं. एका जुन्या गिऱ्हाइकाने पुढच्या वर्षीपासून दुसरीकडे जाऊ म्हणून सुनावलं आणि खरंच गेलं.

बदल्यात काय मिळालं? दाखवता येण्यासारखं काहीच नाही. कुणी आजारी पडलं नाही. कदाचित तसंही पडलं नसतं. अन्नाच्या सुरक्षिततेचं हेच अवघड आहे. खर्च दिसतो, आणि फायदा म्हणजे न घडलेली गोष्ट, तिचा फोटो निघत नाही.

अधिकाऱ्याला जे दिसत नाही

म्हणून तपासणीकडे बघण्याची माझी नजर बदलली. अधिकारी वर्षातल्या एखाद्या दिवशी येतात. ते नमुना घेतात, त्याचे चार भाग करतात, एक भाग विश्लेषकाकडे जातो, चौदा दिवसांत अहवाल यायला हवा, अशी पद्धत ठरलेली आहे. पण ताप अंगावर काढून हलवा घोटणारी बाई त्या नमुन्यात दिसत नाही. ती दिसते फक्त मालकिणीला, आणि तेही तिने विचारलं तर.

आणि आपण गिऱ्हाईक? आपली नजर तर रोज असते. ती कुठे असते ते सांगते. नोटिशीनंतर आत्याने अशोका हलव्यातला रंग कमी केला. मिठाईत परवानगी असलेला कृत्रिम रंगही किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही आणि घरातल्या चमच्याने एवढं नेमकं मोजणं कठीण, म्हणून तिने अगदी चिमूटभरावर आणला. हलवा फिकट दिसू लागला. आठवडाभर जो येईल तो विचारायचा, "आज रंग का नाही? कालचा आहे का?" चवीबद्दल कुणी बोललं नाही. म्हातारीच्या केसांचा तो भडक गुलाबी रंगही कुणीतरी मागत होतं म्हणूनच आला होता ना? दुकानदार आपल्या डोळ्यांना खूश करतो. आपले डोळे बदलले, तर त्याचा हात बदलेल.

ओरत्तनाडूचं नाव वर आलंच आहे. त्याच गावात सरफोजी राजांनी मुक्तांबाळ छत्र बांधलं. छत्र म्हणजे वाटसरूंना जेवू घालणारी धर्मशाळा. १८०१ मध्ये सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात तंजावरच्या छत्रांची व्यवस्था सांगितली आहे. येणाऱ्या प्रत्येकाला अन्न, तान्ह्या मुलांना दूध, आणि कुणी आजारी पडलं तर वैद्य आणि पथ्याचं जेवण. मला त्यातलं एक आवडतं. ज्याने खाऊ घातलं, त्यानेच खाणाऱ्याच्या तब्येतीचंही बघायचं. अन्न आणि औषध एकाच छपराखाली. आजचा कायदा लांबलचक आहे, पण त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

तुम्ही काय करू शकता

फार काही नाही, पण नेमकं. भिंतीवरचा किंवा बिलावरचा चौदा आकडी क्रमांक वाचा. पहिला आकडा १ असेल तर तो परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, त्यापुढचे दोन वर्षाचे. जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक बिलावरही छापणं सक्तीचं आहे, म्हणून बिल मागा. सुट्या मिठाईपुढे तारीख नसेल तर विचारा, "कधीची आहे?" हा प्रश्न चार गिऱ्हाइकांनी विचारला, की पाचव्यासाठी पाटी लागते.

शंका दाट असेल तर जिल्ह्याच्या अन्न विभागाकडे किंवा एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार करता येते. कायद्याच्या ४० व्या कलमाने तुम्हाला स्वतः फी भरून विकत घेतलेला पदार्थ विश्लेषकाकडून तपासून घेण्याचाही हक्क आहे. घेताना दुकानदाराला तसं सांगावं लागतं, आणि दोष सिद्ध झाला तर फी परत मिळते. मोबाइलवर व्हिडिओ काढून एखाद्या छोट्या दुकानाची बदनामी करण्यापेक्षा हा रस्ता बरा, कारण यात दुकानदारालाही बाजू मांडता येते.

आणि एक प्रश्न असा आहे, जो कुठल्याही तपासणीच्या यादीत नसतो. तुमच्या ओळखीचं दुकान असेल, खानावळ असेल, डबा देणाऱ्या ताई असतील, किंवा तुमच्याच घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशी असतील. त्यांना बरं नसेल त्या दिवशी त्या काय करतात, हे एकदा विचारा. त्या दिवशीचे पैसे मिळतात का, हेही विचारा. तुमच्या ताटातली पोळी किती सुरक्षित आहे, हे त्या उत्तरावरून बरंचसं कळेल.